पलंगाखालचं पीठ कोणाचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षापूर्वी रबरवूडचा पलंग घेतलात. गेले काही महिने रोज सकाळी त्याच्याखाली पांढरं पीठ पडलेलं असतं आणि फळीला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. दुकानदार म्हणतो, तुमच्याच घरातली वाळवी. आई म्हणते, पलंग गावच्या घरी नेऊन टाकू. त्या गावच्या घरात सात-आठ वर्षांपूर्वी बदललेल्या तुळईतून रात्री कुरकुर ऐकू येते. हे सगळं एकच का, एकाकडून दुसऱ्याकडे जाईल का, आणि करायचं काय?

वर्णनावरून सांगतो, एकच नाही. पलंगातला किडा वेगळा, तुळईतला वेगळा, आणि वाळवी बहुतेक दोन्हीकडे नाही. मी तीसेक वर्षं सिंधुदुर्गात लाकूड आणि बांबू टिकवण्याच्या धंद्यात आहे. या तीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या दर दुसऱ्या माणसाने किड्याला वाळवी आणि वाळवीला किडा म्हटलं आहे, त्यामुळे सुरुवात पिठापासूनच करू.

ते पीठ चिमटीत घेऊन चोळा. मैद्यासारखं सरसरीत, बोटांच्या रेषांत भरून राहणारं असेल तर एक किडा. जरा जाडसर, बारीक रव्यासारखं लागलं तर दुसरा. आणि दाणे खसखशीसारखे सुटे, टणक, भिंगाखाली सहा कडांचे दिसले तर मात्र ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी; किनारपट्टीला ती आढळते. जमिनीतून येणारी नेहमीची वाळवी पीठ पाडतच नाही. ती लाकडात माती आणून भरते आणि भिंतीवरून मातीच्या नळ्या काढते. नळी नाही, माती नाही, नुसता मैदा पडतोय, तर दुकानदाराचं म्हणणं टिकत नाही.

मैदा पाडणाऱ्याचं शास्त्रीय नाव लिक्टस. इंग्रजीत पावडर पोस्ट बीटल. आपल्याकडे कोणी घुण म्हणतो, बहुतेक जण 'भुंगा लागला' म्हणतात. हा 'भुंगा' शब्द फार घोटाळा करतो. कोरडं काष्ठ पोखरणारा आणि कमळाच्या कळीत अडकून पडणारा जो भ्रमर दृष्टांतांतून आपल्याला भेटतो, तो मधमाशीच्या कुळातला. काळा, जाडजूड, गुणगुणणारा. घरट्यासाठी वाशाला बोटाएवढं गोल भोक पाडतो, लाकूड खात नाही. लिक्टस हा भुंगेरा, म्हणजे कडक पंखांच्या झाकणाचा किडा. तांबूस तपकिरी, चपटा, तांदळाच्या दाण्याहून लहान. तुम्ही तो पाहिलाही असेल: उन्हाळ्यात रात्री खिडकीच्या दिव्याजवळ असले किडे सापडतात आणि आपण ते तांदळातले समजून झटकून टाकतो.

आता मुख्य गोष्ट. लिक्टस लाकूड खातो असं आपण म्हणतो खरं, पण लाकूड त्याला पचत नाही. लाकडाचा मुख्य भाग सेल्युलोज. तो लिक्टसच्या अळीच्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि तोच तुमच्या पलंगाखालचा मैदा. तिला हवा असतो लाकडात साठलेला स्टार्च, थोडी साखर, थोडी प्रथिनं. झाड जिवंत असताना हा स्टार्च बाहेरच्या फिकट लाकडात साठवतं. पुस्तकात त्याला रसकाष्ठ म्हणतात. आतला गडद गाभा झाडाच्या दृष्टीने मेलेला असतो. तिथे स्टार्च नसतो, उलट कडू-विषारी द्रव्यं भरलेली असतात. म्हणून सागाच्या फळीतही लिक्टस लागतो तो कडेच्या पांढऱ्या पट्टीला, आणि गाभ्याची रेषा आली की थबकतो. सुतार फळी घेताना 'पांढरं काढून टाका' म्हणतो ते उगाच नव्हे.

मादीची निवड बघण्यासारखी असते. ती आधी लाकडाला बारीक चावा घेऊन चव बघते. स्टार्च साधारण 3 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तरच तिथे अंडी घालते. अंडी पृष्ठभागावर नाही, तर लाकडाच्या कापलेल्या छिद्रांतून, म्हणजे झाडाने ज्यातून पाणी वर नेलं त्या नळ्यांतून, आपली लांब अंडनळी आत घालून. अंडं केसासारखं बारीक आणि लांबट. नळी त्याहून अरुंद असेल तर ते लाकूड सुटलं. पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडात या नळ्या नसतातच, म्हणून परदेशी खोक्यांच्या पाइनच्या फळ्यांपासून केलेल्या कपाटाला लिक्टस लागत नाही. आणि आंबा, सावर, शिरीष, रबर, बांबू या मंडळींना तो हटकून लागतो. रबराचं झाड चीक काढून काढून म्हातारं झालं की तोडतात. त्याचं जवळजवळ सगळं लाकूड फिकट आणि स्टार्चने गच्च भरलेलं. तोडल्यावर दिवसांतच त्यावर बोरॉनचं, म्हणजे बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं, द्रावण मुरवलं तर ते उत्तम लाकूड आहे, मी स्वतः वापरतो. नाही मुरवलं तर ते किड्यांसाठी वाढून ठेवलेलं ताट.

अंड्यातून निघालेली अळी नळीतूनच आत सरकते आणि वाढेल तसा बोगदा रुंद करत जाते. पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वाकडी, गहू-ज्वारीतल्या किड्याच्या अळीची बहीण शोभावी अशी. आपल्या हवेत एक पिढी तीन-चार महिन्यांत ते वर्षभरात पुरी होते. कोष पृष्ठभागाच्या अगदी लगत होतो, आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा वरचा पापुद्रा कुरतडून बाहेर पडतो. तुम्हाला दिसणारं एक-दीड मिलिमीटरचं भोक ते हेच. ते आत शिरण्याचं दार नाही, बाहेर पडण्याचं आहे. ज्या भोकात तुम्ही सुईने औषध घालताय तिथला भाडेकरू निघून गेलेला असतो. जे आत आहेत त्यांनी अजून दार केलेलंच नाही. लोक भोकं मोजून औषध घालतात आणि दोन महिन्यांनी शेजारी नवी भोकं आली की औषध भेसळीचं म्हणतात.

मग पलंगात किडा आला कुठून? बहुधा लाकडाबरोबरच. पॉलिश किंवा रंग असलेल्या पृष्ठभागात मादी अंडी घालू शकत नाही, कारण छिद्रं बुजलेली असतात. पण पलंगाची खालची बाजू, ड्रॉवरच्या पाठी, पाट्यांच्या कापलेल्या टोकांना कोण पॉलिश करतो? अंडी एकतर वखारीत पडली, नाहीतर नंतर त्या कोऱ्या बाजूंनी. दीड वर्षात दुसरी-तिसरी पिढी चालू असणार. दुकानदाराने कदाचित 'सीझन्ड लाकूड आहे' असं सांगितलं असेल आणि ते खोटंही नसेल. भट्टीत सुकवल्याने आतले किडे मरतात, पण स्टार्च तिथेच राहतो. भट्टीतून बाहेर आल्यावर चार दिवसांत नवी मादी बसू शकते. सीझन केलेलं आणि औषध मुरवलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलावर दुसरी लिहून घ्यावी.

हे मला कसं कळलं ते सांगायला लाज वाटत नाही, इतकी वर्षं झाली. धंद्याच्या सुरुवातीला एका खानावळीच्या मांडवाचं काम घेतलं. माणग्याचा बांबू, सरळसोट आणि भरीव. तोड केली मार्चमध्ये, कारण कामाची घाई होती. वर झावळ्या, खाली बाकडी, दिसायला झकास. दिवाळीच्या आत गिऱ्हाइकांच्या सोलकढीत पीठ पडायला लागलं. मालकाने मला बोलावून वाटीच दाखवली. बांबूत लिक्टस नव्हता, त्याचा चुलतभाऊ डायनोडेरस होता, खास बांबूचा घुण. माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या कामगाराने तोडीच्या वेळीच विचारलं होतं, "आता तोडतास? कोंबाचा जेवण अजून वेळूतच आसा." तेव्हा मी हसलो. पावसाच्या तोंडावर कोंब काढण्यासाठी बांबू वर्षभर स्टार्च साठवतो. वसंतात साठा भरलेला असतो. कोंब वर येऊन गेल्यावर, पावसाळा सरल्यावर तो उतरलेला. म्हणून तोड हिवाळ्यात. तोडल्यावर बांबू काही आठवडे ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीतही याचसाठी: साखर विरघळून जाते, आणि उरलेल्यातलं बरंच जिवाणू आंबवून टाकतात. वास भयंकर येतो, बांबू मात्र टिकतो.

डायनोडेरस आणि त्याच्या कुळातले मोठे भाऊ, सायनॉक्सिलॉन आणि हेटेरोबोस्ट्रिकस, यांची चाल लिक्टसपेक्षा निराळी. यांचा पूर्ण वाढलेला भुंगेरा स्वतः लाकडात घुसतो आणि आत बोगदा करून तिथे अंडी घालतो. अंगाने नळीसारखे गोल. वरून बघितलं तर डोकं दिसतच नाही, पाठीचा पुढचा भाग टोपीसारखा डोक्यावर ओढलेला. सायनॉक्सिलॉनचा मागचा भाग तासून काढल्यासारखा तिरपा, आणि त्यावर दोन काटे. त्या मागच्या उताराने तो बोगद्यातला भुगा मागे रेटतो. जबडे असे की याच कुळातल्या कॅलिफोर्नियातल्या एका किड्याने टेलिफोनच्या तारांवरचं शिशाचं आवरण पोखरलं आणि भोकातून पाणी जाऊन तारा बंद पडायच्या. तिकडे त्याचं नावच शॉर्ट सर्किट बीटल. शिशात खायला काहीच नव्हतं. वखारीत सालीसकट पडलेल्या ताज्या ओंडक्यावर तीन ते सहा मिलिमीटरची भोकं आणि जाडसर भुगा दिसला की ही मंडळी समजा.

आता गावची तुळई. कुरकुर ऐकू येते म्हणालात, तिथेच मी लिक्टसला बाजूला केलं. त्याची अळी इतकी लहान की तिचं चावणं कानाला लागत नाही. रात्री शांततेत कुर्र, थांब, कुर्र असं ऐकू येतं ते लांबशिंग्या भुंगेऱ्याच्या अळीचं. या कुळातले बहुतेक किडे जिवंत किंवा नुकत्याच तोडलेल्या झाडावर बसतात, पण स्ट्रोमॅशियम नावाचा एक आहे जो पक्क्या सुक्या लाकडातही संसार थाटतो, आणि आपल्या देशात त्याला चालणाऱ्या झाडांची यादी कित्येक शेकड्यांत जाते. मादी फटीत, सांध्यात अंडी घालते. अळी वर्षानुवर्षं आत असते. दहा वर्षं काढल्याच्याही नोंदी आहेत. लाकडात नायट्रोजन नगण्य, म्हणजे अंग धरायला प्रथिन नाही, त्यातून लाकूड सुकं. अशा जेवणावर वाढ व्हायची ती अशीच. अमेरिकेतल्या एका सोनेरी-हिरव्या ब्युप्रेस्टिस किड्याची अळी तर घराच्या लाकडातून 51 वर्षांनी भुंगेरा होऊन बाहेर पडल्याची नोंद आहे. तुमची तुळई सात-आठ वर्षांपूर्वीची, त्यामुळे अळी लाकडाबरोबरच घरात आलेली असणं अगदी शक्य आहे.

हा किडा लिक्टसपेक्षा धोकादायक, कारण बाहेरून पत्ता लागत नाही. आत भुगा ठासून भरलेला, आणि वर कागदाएवढा पापुद्रा शाबूत. जाताना लंबगोल भोक पाडतो, एवढीच खूण. म्हणून तुळई ठोकून बघा. भरीव आवाज बदलून पोकळ झाला तिथे दाभण टोचा. अर्धा-एक सेंटिमीटर सहज गेलं आणि पुढे घट्ट लागलं, तर कडेचं पांढरं लाकूड गेलंय आणि गाभा शाबूत आहे. तेवढं तासून काढा, उरलेल्यावर औषध लावा. दाभण मुठीपर्यंत गेलं तर मात्र औषधाचा विचार सोडा. खाली टेकू द्या आणि सुताराला बोलवा.

आईंना सांगा, पलंग गावी नेऊ नका. लिक्टस जुन्या सागाच्या गाभ्याला काही करणार नाही, आणि जुन्या लाकडातला स्टार्चही वर्षागणिक कमी होत जातो, त्यामुळे आजोबांच्या वेळच्या वाशांना त्याची भीती नाही. पण गावच्या घरात बांबूच्या टोपल्या असतील, सुपं असतील, माळ्यावर आंब्याच्या फळ्या असतील. त्या सगळ्या त्याला चालतात.

कलमांना भिरूड लागलाय तोच घरात शिरेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. नाही. लाकडाच्या वयाप्रमाणे पाहुणे बदलतात. आंब्याचा भिरूड, पाठीवर दोन तांबडे ठिपके असलेला पाच सेंटिमीटरचा भुंगेरा, जिवंत खोडाच्या सालीत खाच करून अंडी घालतो. काजूचा रोठा बुंध्याशी आणि मुळांत काम करतो आणि चुनखडीसारखं कडक कवच करून त्यात कोषात जातो. दोघांनाही ओलं, जिवंत लाकूड लागतं. मध्य प्रदेशात मंडल्याच्या बाजूला 1990 च्या दशकात सालवृक्षांची जंगलं ज्या किड्याने उद्ध्वस्त केली तोही याच लांबशिंग्यांच्या कुळातला. पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतो आणि ताज्या जखमेतल्या रसाच्या वासावर येतो. म्हणून एखादा सालवृक्ष पाडून त्याच्या खोडावरची साल ठेचून ठेवायची, रस पिऊन सुस्तावलेले किडे वेचायचे, अशी रीत तिकडच्या वनखात्याने वापरली. झाड निरोगी असेल आणि अळ्या थोड्या असतील तर ते त्यांना राळेत बुडवून मारतं, हेही तितकंच खरं.

अजून एक प्रकार, कारण सुतार याच्यावरून चांगलं लाकूड नाकारतात. आंब्याच्या फळीवर बारीक भोकं आणि भोवती काळी कड दिसली, भुगा मात्र नाही, तर ते अँब्रोसिया भुंगेऱ्याचं जुनं काम. हा पठ्ठ्या लाकूड खातच नाही, शेती करतो. बोगदा खोदून त्यात सोबत आणलेली बुरशी लावतो आणि अळ्या ती बुरशी खातात. काळी कड त्या बुरशीचीच. सोलापूर-सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांना याचे भाऊ शॉट होल बोरर म्हणून चांगले माहीत आहेत. लाकूड सुकलं की बुरशी मरते आणि शेतकऱ्याचंही संपतं. अशी फळी बिनधास्त वापरा, भोकं मेणाने बुजवा.

आता उपाय. आधी किडा चालू आहे की जुना, हे ठरवा. खालची जागा स्वच्छ पुसा, काळा कागद अंथरा, दिसणाऱ्या भोकांभोवती पेन्सिलने गोल करा. तीन-चार आठवड्यांत कागदावर ताजं फिकट पीठ आणि पेन्सिलची खूण नसलेली नवी भोकं दिसली तर चालू. नुसती पलंग हलवल्यावर पडणारी पिवळट धूळ जुन्या बोगद्यांतली असते. दुसरी परीक्षा स्टार्चची: कोऱ्या बाजूला कुठेतरी ब्लेडने ताजं लाकूड खरवडून त्यावर औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर किड्याचं जेवण अजून शिल्लक आहे. लाकूड विकत घेताना हीच परीक्षा वखारीत केली तर विकणारा तोंड वाकडं करतो, पण तुमचे पैसे वाचतात.

किडा चालू असेल तर पलंग सुटा करा. किडलेली पाटी एक-दोनच असेल तर बदला, तेच सगळ्यात स्वस्त. बाकीच्या भागांच्या कोऱ्या बाजू घासून त्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण लावा. आम्ही बांबूसाठी शंभर लिटर पाण्याला तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड घेतो. कोमट पाण्यात विरघळवा, हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा. सुक्या लाकडात हे काही मिलिमीटरच मुरतं, म्हणून दोन-तीन हात, मध्ये सुकू देऊन. खोलवरच्या अळ्या यातून लगेच मरणार नाहीत. पण बाहेर पडणारा भुंगेरा वरच्या थरातून कुरतडत येताना ते खातो, आणि नव्या अंड्यातली अळी आत शिरतानाच संपते. पूर्ण सुकल्यावर सहाही बाजूंना पॉलिश करा, ज्या कोणाला दिसत नाहीत त्यांना आधी. पुढचं वर्षभर तुरळक पीठ दिसेल, त्याने घाबरू नका. बोरॉन पाण्यात विरघळून जातो, त्यामुळे पावसात भिजणाऱ्या लाकडाला याचा उपयोग नाही.

लगेच सुटका हवी असेल तर उष्णता. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस, सलग 30 मिनिटं. निर्यातीच्या लाकडी खोक्यांना हाच आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे, आणि खोक्यावरच्या शिक्क्यातल्या 'एचटी'चा अर्थ तोच. एखादा सीझनिंग प्लांट सुट्या पाट्या भट्टीत घालून देत असेल तर घेऊन जा. घरच्या गच्चीवर नुसतं ऊन दाखवून गाभा तेवढा तापत नाही.

रॉकेल-डिझेल झोपायच्या खोलीत नको. डायक्लोरव्हॉस कोणी सुचवलं तर त्याच्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. आणि धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पलंगाखाली ठेवून खोली बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा काही विचारू नका. त्या गोळ्यांतून निघणाऱ्या वायूने घरात झोपलेली माणसं मेली आहेत. ते काम परवानाधारक माणसाचंच, आणि तेही घराबाहेर.

झाडलोट करताना पिठाजवळ मुंगीसारखा चपळ, पट्टेदार, केसाळ असा एक बारीक भुंगेरा दिसला तर त्याला मारू नका. तो या किड्यांना आणि त्यांच्या अळ्यांना खातो. त्याच्या भरवशावर पलंग सोडू मात्र नका. आणि तुळईला दाभण लावलंत की किती आत गेलं ते बोटाने मोजून मला कळवा. तिचा आवाज कोणत्या टोकाला येतो, भिंतीत गेलेल्या की मधल्या, तेही सांगा. भिंतीतल्या टोकाला ओल असेल तर गोष्ट वेगळी होईल.